चांद्याची माणसं समुद्रावर

बल्लारशाहून समुद्र बघायला निघालेले लोक मुंबईचं तिकीट काढतात. मी सांगेन, उलट्या दिशेची गाडी धरा. विजयवाड्याला उतरा, तिथून मच्छलीपट्टणम गाठा. थंडीत जा, एप्रिलमध्ये चुकूनही नको. आणि सोबत माझ्या आत्याबाईंसारखं कुणी असेल तर स्वयंपाकाचं पाणी कुठून आणलंय ते आधी विचारा.

मी पहिल्यांदा तिकडे गेले ते पन्नासच्या दशकात. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच्याच पोटात होती. बाबा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत होते. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. त्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ बाळू तापात गेला होता.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की तेराव्यानंतर नातलग गोडाचं घेऊन येतात आणि घरच्यांचं तोंड गोड करतात. तिथे दुखवटा संपतो. आईने ते तोंड उघडलंच नाही. कुणी शिरा आणला, कुणी बुंदी. ती डबा घ्यायची, झाकण लावायची आणि डेपोतल्या माणसांकडे पाठवून द्यायची. डेपोतली माणसं गुटगुटीत झाली, आई मात्र वाळत चालली.

"गोड खाल्लं की सगळे मोकळे होतात," ती बाबांना म्हणाली. "मला नाही मोकळं व्हायचं."

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, समुद्रावर न्या. चहूकडे सागवानाचं जंगल असलेल्या गावात हे ते अशा थाटात म्हणाले, जणू समुद्र डेपोच्या मागेच आहे. पण बाबांचे लाकडाचे एक व्यापारी मच्छलीपट्टणमचे होते. त्यांनी घर उघडून दिलं.

निघायच्या दिवशी सिंदेवाहीकडच्या गावाहून बाबांची थोरली बहीण, आत्याबाई, येऊन ठेपल्या. सोबत नवा तांदूळ, गूळ आणि तीन विटा.

"विटा काऊन आणल्या, बाई?" बाबा.

"चुलीले. तिकडं दगड भेटले नाई त मंग?" मग आईकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं, "मी इले गोड खाऊ घातल्याबिगर परत येत नाई."

आई उठली. आपली पिशवी उचलून टांग्यात जाऊन बसली.

गाडीत कोळशाचे कण डोळ्यांत जात होते. काझीपेठच्या पुढे फलाटावरच्या पाट्यांची सगळी अक्षरं तेलुगू, गोल झाली. मी समुद्राबद्दल शाळेत शिकलेली इंग्रजी कविता म्हणून दाखवली. घरात समुद्राची जाणकार मीच होते, कारण मी तो निळ्या खडूने काढला होता.

"पाणी खारट असतं," मी सांगितलं.

"ते पुस्तकातलं," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या घरी इडली खाल्ली. (चटणी जपून घ्या. बाबांनी जपून घेतली नाही आणि दुपारपर्यंत ते बोलले नाहीत.) मग घोड्याच्या जटक्यातून किनाऱ्यावर गेलो. आता रिक्षा जाते. हाडं तेवढीच खिळखिळी होतात. समुद्र निळा नव्हता, आमच्या तलावासारखाच मातकट होता. माझी अब्रू गेली.

आत्याबाई तलावांच्या मुलखातल्या. तिथे पाळीने, म्हणजे मातीच्या बांधाने, पाणी अडवतात आणि त्यावर भाताच्या बांध्या पिकवतात. त्यांनी डोळ्यांवर हात धरून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"याची पाळ कुठी आहे?"

"याला पाळ नसते, बाई," बाबा म्हणाले.

"पाळ नाई? मंग थांबते कसं?" आत्याबाई चार पावलं पुढे गेल्या. "एवढं पाणी, न एक बांधी धानाची नाई. कोनाचं हाय हे?"

आई थोडं दूर, वाळूवर बसली होती. पाण्याकडे बघत होती की नुसतीच, ते कळत नव्हतं.

आत्याबाईंच्या गावात नव्या पाण्याला त्याच पाण्यात शिजवलेल्या खिरीचा नैवेद्य दाखवतात, आणि तो प्रसाद कुणी नाकारत नाही. दुखवटा असो, उपास असो. त्यांचा सगळा बेत यावर उभा होता. त्यांनी विटा मांडल्या आणि ओंजळभर पाणी चाखून थुंकलं.

"मी म्हटलं होतं ना!" मी.

"काठचं हाय हे, पोरी. काठाले म्हशी बसतेत, धुनं धुतेत. मधलं पाणी गोडच राह्यते."

एक कोळी नाव ढकलत होता. बाबांना कामगारांमुळे तेलुगू येत होतं. त्यांना आत्याबाईंनी दुभाषी केलं.

"त्याले सांग, मधातलं पाणी आन म्हनाव."

बाबांनी खाली मान घालून सांगितलं. कोळी बराच वेळ काहीतरी बोलला. आजूबाजूचे चार कोळी वाळूवर बसून हसले.

"काय म्हणते तो?"

"आणतो म्हणाला," बाबा म्हणाले.

त्याने खरंच आणलं. लाटांच्या पार पलीकडून, मडकं भरून. आत्याबाईंनी ते चाखलं नाही. नैवेद्याचं आधी चाखत नाहीत. तांदूळ शिजला, गूळ पडला, वास तर असा सुटला की कोळीही जवळ आले. पहिलं पान समुद्राला वाहिलं. लाटेने ते आणून त्यांच्याच पायांवर ठेवलं. पुन्हा वाहिलं, पुन्हा आलं.

"लाजते," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसरं पान घेऊन आईसमोर उभ्या राहिल्या. "वैनी, परसाद हाय. नाई म्हनू नोको."

आईने बराच वेळ पानाकडे बघितलं. बाबांनी पाठ फिरवली. मग तिने एक घास उचलला आणि तोंडात घातला.

तिचे डोळे विस्फारले. तिने तो कसाबसा गिळला.

"बाई," ती म्हणाली, "ही खीर आहे की लोणचं?"

आत्याबाईंनी घास घेतला. त्यांचं तोंड जे झालं ते मी कुठल्याच खडूने काढू शकले नसते. "मधातलंही खारट!" त्या समुद्राकडे बघून ओरडल्या. "सारंच्या सारं नासवलं कोनं?"

आई हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. हसता हसता ते कधी रडणं झालं ते आम्हाला कळलं नाही. पावसाळ्यापासून न रडलेली बाई समुद्रासमोर मोठ्याने रडली. आत्याबाई तिला पोटाशी धरून म्हणत होत्या, "माह्यं चुकलं वं, गूळ अजून टाकाले पायजे होता."

आणि आईने पान सोडलं नाही. सगळं खाल्लं. "हे चालेल मला," एवढंच म्हणाली. (रात्री पोटं बिघडली. ओव्याची पुडी सोबत ठेवा.)

बल्लारशाला परतलो तेव्हा शेजारच्या काकू चौकशीला आल्या. आत्याबाईंनी निकाल दिला, "पानी लय हाय, पन कामाचं नाई."

आई चहा गाळत होती. म्हणाली, "बाळूला आवडलं असतं. आंघोळीला बोलावलं की पळायला जागा भरपूर."

काकूंच्या हातातला कप तसाच राहिला. आई साखर घालत होती.

त्यानंतर आई पूर्वीसारखी झाली असं मी लिहिणार नाही. काही दुपारी ती अजूनही दार लावून बसायची. पण बाळूचं नाव घरात रोज निघू लागलं, बहुतेक मला रागवायला. "बाळू बघ, एका हाकेत उठायचा."

तो कधीच एका हाकेत उठत नसे. मी तसं म्हणाले की आई म्हणायची, "मला काय सांगतेस? मीच उठवायचे ना त्याला."