उगवतीचा झरा

परवा गारखेड्यात एका मोकळ्या प्लॉटवर रानतुळशीचा वास आला आणि वेरूळचा डोंगर आठवला. बायकोला तिच्या आईनं सांगितलेला तिथला झरा एकदा पाहायचा होता. वाटेत विचारलेल्या तिघांनी "हे काय, इथंच" म्हणत फिरवल्यामुळं मी वैतागलो होतो. शेवटी शेळ्या राखणाऱ्या आजीला विचारलं.

"उंबरापासून उगवतीला वळा, दादा. अन् हळू बोला, शेळ्या बुजतेत."

मी रुंद पायवाट दिसली तिकडं, मावळतीला निघालो.

"अहो, उगवती मागं राहिली," बायको म्हणाली.

"मला दिशा शिकवू नकोस!"

झरा सापडलाच नाही. म्हातारीनं फसवलं, असं मी जन्मभर सांगितलं. बायको शेजारी बसून गप्प ऐकायची. झरा न पाहताच ती गेली.

म्हातारीनं वाट बरोबर सांगितली होती. बायकोनंही.