शंख आणि लान्सनायक पास्कल

आमची पोस्ट अंदमानातल्या एका लहान बेटावर होती. सहा जवान, दोन तंबू, एक रेडिओ सेट. मी हवालदार, कमांडर मीच. शाळा मी फार केली नाही, पण सेक्शन कसा चालवायचा ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, मग गस्त, मग पाणी उकळणे. आठवड्याला बोट यायची, रेशन टाकून जायची. बाकी चारी बाजूंनी खडक. ओहोटीला ते वर यायचे. तेव्हा बोट आत येत नाही आणि माणूस बाहेर जात नाही.

लान्सनायक पास्कल उत्तनचा, मी शेजारच्या मोरव्याचा. एवढ्या लांब म्हणजे एकाच गावचे. आमची मिठागरं, म्हणून तो मला चिडवायचा.

"अरे मिठवाल्या, तुझं पाणी घोट्याएवढं. तुला दर्या काय कलनार?"

"तुझ्या मासळीच्या वासानेच दुश्मन पळतो, तेवढं पुरे हाय."

पण खडकांतली वाट त्यालाच पाठ होती. बोट आली की रेडिओवर बोलून तोच तिला आत घ्यायचा.

त्या दिवशी गस्तीवरून परतताना ओहोटी लागली होती. पास्कलला वाळूत शंख दिसला. बोटाएवढा, तपकिरी नक्षीचा, कपाटात मांडून ठेवावा असा. उत्तनला ओहोटीत माणसं शिंपल्या वेचतात आणि जिवंतच खिशात, ओच्यात टाकतात. शंख डंख मारतो असं आमच्या किनाऱ्यावर मी तरी ऐकलं नव्हतं.

"पोरीला नेतो," म्हणाला आणि पँटच्या खिशात टाकला.

पोस्टवर पोचेपर्यंत मांडीला टोचलं. टाचणीएवढा ठिपका. तो हसला. थोड्या वेळाने त्याला चहाचा मगसुद्धा धरता येईना. मग पापण्या पडायला लागल्या. मी सेट उचलला. पलीकडे समोरच्या बेटावरचे सुभेदारसाहेब.

"कॅजुअल्टी एक. बोट चाहिए. ओव्हर."

"चार जवान निकल रहे हैं. ओव्हर."

पास्कलने हात पुढे केला. मी सेट त्याच्या तोंडाशी धरला. जीभ जड झाली होती, तरी एकेक शब्द नीट लावला.

"बोट अभी नहीं. पत्थर ऊपर है, फट जाएगी. पानी चढ़ने दो. काला पत्थर दाहिने रखना. ओव्हर."

"तुम्हारा हाल? ओव्हर."

"ठीक हूँ. आउट."

मी त्याला शिवी घातली.

"गप रे मिठवाल्या," म्हणाला. त्यानंतर त्याला बोलता आलं नाही.

छाती हलायची थांबली तेव्हा आम्ही पाळीपाळीने तोंडाने श्वास दिला. समोरचं बेट दिसत होतं, तिथली बोटही दिसत होती. आम्ही पाण्याकडे बघायचो. पाणी आपल्या चालीने चढतं, ऑर्डर ऐकत नाही.

भरतीला बोट काळा खडक उजवीकडे ठेवून सुखरूप आत आली. बोटीतून आलेल्या नर्सिंग असिस्टंटने नाडी बघितली, माझा खांदा धरला.

"हवालदारसाब, बस."

मी श्वास देतच राहिलो. शेवटी दोघांनी मला उचलून बाजूला केलं.

आता मी रिटायर होऊन जेसल पार्कला राहतो. सव्वीस जानेवारीला सोसायटीत शहिदांची नावं घेतात. यंदा मी पास्कलचं दिलं. सेक्रेटरी हळूच म्हणाला, "काका, शंखाने मेला हे कसं सांगायचं? लोक हसतील."

"हसू देत. चार जणांना त्याने खडकावर मरू दिलं नाही. घे नाव."

त्याने घाईत घेतलं. मी म्हटलं, पुन्हा घे, रँकसकट.

खुर्च्यांवरची सगळी माणसं उभी राहीपर्यंत मी माईकपासून हललो नाही.