डिस्कवरचं कुंकू

सुबोध आठल्येला काळजी करण्याचा पगार मिळतो. ही थट्टा नाही. सिंगापूरमधल्या एका बँकेची कॉम्प्युटर यंत्रणा अचानक बंद पडली तर पुढे काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवणं ही त्याची नोकरी. वीज गेली तर? आग लागली तर? समुद्राखालची केबल तुटली तर? ऑफिसात या ‘तर’ला चांगला मान आहे. पंचाईत अशी, की संध्याकाळी घराजवळच्या बुकित पंजांग स्टेशनवर उतरताना तो हा ‘तर’ ऑफिसात ठेवून येत नाही, घरी घेऊन येतो.

आणि घरी बायको सायकल चालवते. साधी नव्हे, डोंगरातली. ऋता विद्यापीठात संशोधक आहे. कोविडच्या बंद दिवसांत तिने सहज म्हणून एक सायकल घेतली आणि फ्लॅटच्या मागच्या चेस्टनट नावाच्या जंगलात, मुळांवरून आणि दगडांवरून, घसरत पडत शिकली. सिंगापूरचा डोंगर तो केवढा! उतार सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. तरी तेवढ्या वेळात सुबोधचा जीव खालीवर होत असे. त्यामुळे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ऑस्ट्रियात, आल्प्समधल्या एका खोऱ्यात जाऊन आठवडाभर सायकली चालवायचं ठरवलं, तेव्हा त्याने जेवण टाकलं. जिथे केबल कारने वर जायचं आणि तासभर नुसतं उतरत राहायचं, अशी ती जागा होती.

तो नाही म्हणाला नाही. नाही म्हणणाऱ्यांतला तो नाहीच. तो फक्त ‘जपून’ म्हणतो. सकाळी म्हणतो, रात्री म्हणतो, लिफ्टचं दार बंद होताना म्हणतो.

ती निघायची त्याच्या आदल्या दिवशी दसरा होता. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला, पण लिटल इंडियातून झेंडू आणून सुबोध दरवर्षी घरातल्या यंत्रांची यथासांग पूजा करतो. लॅपटॉप, राउटर, कुकर, मुलीचा कॅल्क्युलेटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल. या वर्षी ऋताने सकाळीच बजावलं होतं, “माझ्या सायकलीला हात लावू नकोस. आत्ताच सर्व्हिसिंग होऊन आलीये.” तो बरं म्हणाला. मग ती कामाला गेली, आणि दिवाणखान्यात ती सायकल एकटी भिंतीला टेकून उभी राहिली.

आता सांगा, ज्याच्या बायकोला त्या सायकलीवरून आल्प्स उतरायचाय, त्याने कुकरची पूजा करायची आणि सायकलीची नाही? त्याच्याने राहवेना. हँडलला त्याने फूल वाहिलं. पण नुसतं हँडल काय कामाचं, तिला थांबवणार ते ब्रेक. चाकाच्या मधोमध ब्रेकची पोलादी चकती असते, तिला डिस्क म्हणतात. आरशासारखी लखलखीत. कोरडं कुंकू तिच्यावर ठरेना, म्हणून त्याने समईतल्या तेलात बोट बुडवलं आणि पुढच्या चाकाच्या डिस्कला कुंकू लावलं. मनापासून हात जोडले. म्हणाला, हिला सांभाळ. एवढ्यात दारात किल्ली वाजली. त्याने फूल खिशात घातलं आणि हाताला लागलं त्या फडक्याने डिस्क घाईघाईने पुसली. म्हणजे तेल अगदी व्यवस्थित सगळीकडे फासलं, पण हे त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ऋताने सायकल खोलून खोक्यात भरली.

मग फोटो येऊ लागले. हिरवी कुरणं, लाकडी घरं, हेल्मेट घातलेल्या बायका. मैत्रिणी अर्ध्या बाह्यांत, ऋता मात्र प्रत्येक फोटोत पूर्ण बाह्यांचं जाकीट घालून. सुबोधला बरं वाटलं. थंडीची काळजी घेतेय, शहाणी झाली, असं त्याने कळवलंसुद्धा. वर ‘जपून’ होतंच.

मंगळवारी तो घरून काम करत होता. दुपारची मीटिंग रद्द झाली, आणि रिकामा वेळ मिळाला की हा माणूस नवीन काळजी शोधतो. त्याने डोंगरातल्या उतारांवर ब्रेक कसे वापरावेत याचे व्हिडिओ लावले. एका दाढीवाल्याने डिस्क कॅमेऱ्यासमोर धरली आणि बजावलं, हिला बोटसुद्धा लावू नका. बोटांना तेल असतं. तेल लागलं की ब्रेक गेलाच म्हणून समजा.

 सुबोधने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा ऐकला. दाढीवाला दुसऱ्यांदाही तेच म्हणाला.

त्याने ऋताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिथे सकाळ होती, म्हणजे सगळ्याजणी केबल कारमधून वर जात असणार. ‘ब्रेक तपासून घे,’ त्याने लिहिलं. मग ‘प्लीज’. मग ‘पुढचा ब्रेक’. कारण मात्र लिहवेना. काय लिहिणार? तू नको म्हणालीस ते मी केलं, लपवलं, आणि आता तू दरीच्या तोंडाशी उभी आहेस? तो खिडकीशी गेला, परत आला. खालून एलआरटीची छोटी लोकल गेली. ज्या ब्रेकला त्याने हात जोडले होते, तो आता तिला थांबवणार नव्हता, आणि तिला हे ठाऊक नव्हतं. 

चैत्राली, त्याची मुलगी, शाळेतून आली. बापाचा चेहरा पाहून दप्तर खांद्यावरच राहिलं.

“व्हॉट हॅपन्ड?”

“आई फोन उचलत नाहीये. मेसेज पण बघत नाहीये.”

“बाबा, शी म्यूटेड यू ऑलरेडी लाह,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

“म्हणजे?”

“यू सेंड सो मेनी ‘जपून’. एअरपोर्टवरच म्यूट केलं तिने.” मग तिला वाईट वाटलं असावं, ती नीट मराठीवर आली. “तू नेहमी जपून म्हणतोस ना बाबा, पण का ते कधी सांगतच नाहीस.”

हे त्याला लागलं. पण लावून घ्यायला वेळ नव्हता. “तुझा फोन दे,” तो म्हणाला.

मुलीच्या फोनवर ऋताने लगेच उचललं. “काय गं चैतू?” मागे वारा घोंगावत होता.

“मी बोलतोय. ठेवू नकोस. निघालीस का? निघू नकोस.” मुलगी समोर उभी होती. त्याने डोळे मिटले आणि बोलून टाकलं. “दसऱ्याला मी तुझ्या ब्रेकच्या डिस्कला तेलातलं कुंकू लावलं. पुढच्या. तू आलीस म्हणून पुसलं. तेलाने ब्रेक लागत नाही हे मला आत्ता कळलं. मी तुला सांगायला हवं होतं.”



“माहितीये मला,” ऋता म्हणाली.

“काय माहितीये?”

“पहिल्याच दिवशी, पहिल्याच उतारावर ब्रेक धरेना. वळणावर सरळ गेले आणि गुरांच्या कुंपणात शिरले. कोपराला टाके पडलेत.”

ते पूर्ण बाह्यांचं जाकीट थंडीसाठी नव्हतं तर. 

“गाइडने डिस्क पुसली तर फडकं लाल झालं. त्याला वाटलं माझं रक्त आहे. मी म्हटलं, नाही, हे माझ्या नवऱ्याचं कुंकू आहे.” ती हसली नाही. “ब्रेकचे पॅड नवे घातलेत. आता ठीक आहे सगळं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू का नाही सांगितलंस? दोन दिवस इतका राग आला होता तुझा. पडल्याचा नव्हे. नको म्हटलेलं केलंस आणि गप्प बसलास, याचा.” थोडं थांबून ती म्हणाली, “आणि टाक्यांचं कळवलं असतं, तर तू मिळेल त्या विमानाने इथे आला असतास.”

ते खरं होतं. त्याचा मनातल्या मनात सुट्टीचा अर्जसुद्धा टाकून झाला होता.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आता कुठे आहेस?”

“वर. बाकीच्या पुढे गेल्या. मी अजून उभीच आहे.”

जपून, हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. चैत्राली त्याच्याकडे बघत होती. त्याने तो गिळला आणि नुसतं विचारलं, “का उभी आहेस?”



“भीती वाटतेय रे,” ती म्हणाली. “पडल्यापासून प्रत्येक उताराची वाटते. पण तुला सांगायची सोय नाही. मला थोडी वाटते असं म्हटलं, की तुला इतकी वाटते, की मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं.”

सुबोधला रडू आलं. ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने फोन जरा लांब धरला, मग पुन्हा कानाशी आणला.

“मी काही बोलत नाही,” तो म्हणाला. “तू सांग.”

ती वाट कशी खाली जाते, पहिलं वळण कुठे आहे, कुठे माती निसरडी आहे, ते ती सांगू लागली. त्याचं काळीज धडधडत होतं, आणि तो ऐकत राहिला.