अण्णांना माणसं हवी होती

डॉक्टरांनी सीटी स्कॅनचा पडदा आमच्याकडे वळवला आणि बोलायच्या आधी माझ्या मुलाकडे, प्रशांतकडे पाहिलं. "ॲडव्हान्स्ड पॅनक्रियाटिक कॅन्सर," ते म्हणाले. म्हणजे स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तो यकृतापर्यंत पोहोचलेला. ऑपरेशन होण्यासारखं राहिलं नव्हतं.

आमचे हे शेजारीच बसले होते. घोटीला आमची भाताची गिरण आहे आणि सगळा गाव ह्यांना अण्णा म्हणतो. पोट दुखतं, पाठीत कळ जाते, जेवण जात नाही, म्हणून आम्ही कितीतरी दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊ घातल्या. डोळे पिवळे झाले तेव्हा नाशिक गाठलं. तुमच्या घरात कोणाला असं होत असेल तर गोळ्यांवर वेळ काढू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.

पित्ताच्या नळीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी बसवून कावीळ उतरवली. मग केमोचा विषय निघाला. "यातलं एकही औषध आजार बरा करणारं नाही, वेळ वाढवणारं आहे," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. फोलफिरिनॉक्स म्हणजे चार औषधं एकत्र, सगळ्यांत जोरदार. त्यासाठी छातीवर कातडीखाली पोर्ट नावाची छोटी डबी बसवतात. दुसरं जेमसिटाबिन, एकटं दिलं तर सौम्य, पण फायदाही कमी. तिसरा मार्ग पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे केमो न देता दुखणं, मळमळ, झोप सांभाळायची.

"जोरदार असेल तेच द्या," प्रशांत म्हणाला. मीही हो म्हटलं. ह्यांनी नुसती मान हलवली, गिरणीत गिऱ्हाईक घाई करायला लागलं की हलवायचे तशी.

पहिल्या केमोनंतर आम्ही प्रशांतच्या नाशिकच्या फ्लॅटवर राहिलो. पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून भेटायला येणारे बंद. आता आमच्याकडे माणूस आजारी आहे कळल्यावर न जाणं म्हणजे वैरच. घोटीहून एसटीने माणसं येत राहिली, हातात शहाळी, केळी, पिशवीत तांदूळ. प्रशांत त्यांना खालीच अडवायचा. ती पार्किंगमध्ये उभी राहून वर बघत. हे गॅलरीतून हात वर करत. माझ्या चुलतसासूबाई खालून ओरडल्या, "अण्णा, खातो का रं काय?" हे म्हणाले, "खातो, काकू," आणि मग दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

पुढे ताप चढला. फेब्राइल न्यूट्रोपेनिया, म्हणजे पेशी घसरलेल्या असताना आलेला ताप. ॲडमिट करावं लागलं. त्यातून उठल्यावर पुन्हा तोच प्रश्न. डोस कमी करून तेच चालू ठेवायचं, की औषध बदलायचं? प्रशांत म्हणाला, "तेच चालू ठेवा." या वेळी मात्र डॉक्टरांनी खुर्ची ह्यांच्याकडे वळवली. "अण्णा, तुम्हाला काय वाटतं?"

"त्या दुसऱ्या औषधावर माणसं भेटू देता का?"

डॉक्टर म्हणाले, "पेशी त्यानेही कमी होतात, पण बहुतेकदा इतक्या नाहीत. मास्क लावून, हात धुऊन, दोघं-दोघं येऊ द्या. सर्दी-तापवाला लांब."

"मग त्येच द्या. नुसतं बंद राहून काय करू? लय जणांशी बोलायचंय."

बाहेर येऊन प्रशांत भिंतीला टेकून रडला. "आई, तू तरी सांग त्यांना." मला ह्यांचाच राग आला होता. आमच्यासाठी चार दिवस जास्त काढवत नाहीत का या माणसाला? तरी फ्लॅटवर जाऊन मी घोटीची पिशवी भरायला घेतली.

ह्यांना घोटीला नेलं. गिरणीच्या ओट्यावर खुर्ची टाकली आणि साबण घेऊन मी जकात नाक्यावर बसल्यासारखी बसले. बांधावरून अबोला धरलेला शेजारीसुद्धा येऊन गेला. हे कोणाची चेष्टा करत, कोणाचे हात नुसते धरून बसत. केमोला नाशिकला जाऊन आलं की दोन दिवस आडवे पडत. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली, तेव्हा केमो थांबवली. मग मॉर्फिनच्या गोळ्यांनी कळा आवरल्या.

प्रशांत सुट्टीला यायचा तो फाइल बगलेत, फोन कानाला. कुठे नवी तपासणी आहे, मुंबईचे डॉक्टर काय म्हणतात. ह्यांनी हाक मारली की "आलोच अण्णा" म्हणायचा आणि अंगणात फेऱ्या मारत बोलत राहायचा. त्याला बाप वाचवायचा होता. त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा हे गेले.

कोणती केमो घ्या, हे मी कोणाला सांगणार नाही. पेशंटला विचारा, मिळतील ते दिवस कशासाठी हवेत. आमच्या डॉक्टरांनी ते विचारलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि घरातलं जे कोणी धावपळ करत असेल, त्याच्या हातातली फाइल थोडा वेळ तुम्ही घ्या, त्याला पेशंटजवळ बसवा.

दहाव्याला अंगण भरलं होतं. मयताच्या घरी माणसं म्हणतातच, भेट राहून गेली. त्या दिवशी तसं कोणीच म्हणालं नाही. ज्याला त्याला हे काहीतरी बोलून गेले होते.

सगळे गेल्यावर प्रशांत मागच्या दारी बसलेला दिसला. मी जेवायला हाक मारली. तो उठला नाही.

"आई, सगळ्यांशी बोलले गं अण्णा," तो म्हणाला. "माझंच राहिलं."