शराफियात भेटलेले तालुकदार

मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला, निघण्यापूर्वी घरोघर जाऊन "चुकलंमाकलं माफ करा" म्हणायचा आमच्या दापोलीकडच्या मुसलमान वस्त्यांत रिवाज आहे. मी आठ दिवस फिरलो. आंब्याच्या एका फांदीवरून ज्या चुलतभावाशी वीस वर्षं अबोला होता, त्याच्या ओटीवर बसून चहाही प्यालो. निघताना बायकोनं, झुलेखानं, विचारलं, "कोन रवला नाय ना?" मी "कोन नाय" म्हणालो आणि बॅगेची चेन ओढली. एक माणूस राहिला होता. तो बांगलादेशातला, त्याचा पत्ता कुठे शोधायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे शोधायची छातीच नव्हती.

जेद्दाला विमानाबाहेर पाऊल टाकलं तशी तव्यावरची वाफ तोंडावर यावी तशी हवा अंगावर आली. तिथून मक्केपर्यंत बस. दोन्ही बाजूंना काळे, बोडके डोंगर, गवताची काडी नाही. झुलेखा खिडकीला नाक लावून रडत होती आणि मी मात्र ड्रायव्हर किती वेगात जातो आहे ते बघत होतो. जुनी सवय, दुसरं काय. मी तरुणपणी मुंबईत सिनेमाच्या फायटर मंडळींत होतो. कोणी धावायला, उडायला, पडायला लागलं की माझी नजर आधी जमिनीवर जाते.

उमऱ्याच्या फेऱ्या पार पडल्या. चपला हरवल्या, त्याबद्दल झुलेखानं मला जे ऐकवलं ते त्या पवित्र जागी शोभणारं नव्हतं. मग अनवाणी चटके खात मी शेवटचा विधी, म्हणजे डोकं भादरून घेण्यासाठी, न्हाव्याच्या दुकानात शिरलो. न्हावी बांगलादेशी निघाला. वस्तरा चालवता चालवता त्यानं समोर मोबाइल उभा करून ठेवला होता, त्यावर एक म्हातारा गल्ल्याशी बसून काही सांगत होता आणि भोवतीची माणसं खो खो हसत होती.

आवाज ओळखीचा वाटला आणि मी झटकन मान वळवली. वस्तरा लागलाच.

"हिलो मत, चाचा!" न्हावी ओरडला. "तालुकदार को पहचानते हो? हमारा हीरो था. आभी जेद्दा में, शराफिया में बैठता है."

ओळखत होतो म्हणजे काय! ढाक्याच्या सिनेमात तालुकदारांचं नाव एके काळी असं होतं की ईदेला त्यांचा सिनेमा लागला नाही तर लोकांना सण झाल्यासारखा वाटायचा नाही. बरिशालच्या एका नावाड्याचा हा मुलगा. गर्दीतला माणूस म्हणून आला, मार खाणारा गुंड झाला, मग मारणारा हीरो. रिक्षांच्या पाठीवर त्यांचं चित्र रंगवलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: उडी स्वतः मारायची, बदली माणूस घ्यायचा नाही.

कॉक्स बाजारला, समुद्राकाठी, एका सिनेमासाठी आमची मुंबईची टोळी बोलावली होती. अर्धवट बांधलेल्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून त्यांना उडी मारायची होती. त्या काळी खाली रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची रास रचायची आणि वर गाद्या टाकायच्या. खोकी दबत जातात, माणूस वाचतो. पण पुठ्ठा कोरडा हवा. रोज संध्याकाळी खोकी आत नेणं माझं काम. गाद्या अंथरणं हाशेमचाचांचं, ते तिथलेच, साठीला आलेले. आदल्या संध्याकाळी मी कंटाळा केला आणि खोकी बाहेरच ठेवली. समुद्राच्या दवानं ती भिजली. सकाळच्या उन्हात वरची वाळली, खालची ओलीच राहिली. मी वरून हात लावून पाहिला आणि "ठीक आहे" म्हणालो.

तालुकदार उडी मारून सरळ जमिनीपर्यंत गेले. कंबर गेली. फाइट मास्टरनं "किसने लगाया?" म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा सगळ्यांनी गादीवाल्या हाशेमचाचांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

परतीच्या विमानाला अर्धा दिवस होता. झुलेखाला हॉटेलात सोडून मी जेद्दाच्या शराफिया भागात गेलो. तिथे आपल्याकडच्या माणसाला परकं वाटतच नाही: मल्याळी पाट्या, हैदराबादी बिर्याणी, गावी पैसे पाठवणाऱ्यांच्या रांगा. टॅक्सीवाल्यानं "यल्ला" (चला) म्हणत भलत्याच गल्लीत उतरवलं, म्हणून दोन गल्ल्या चालून न्हाव्यानं सांगितलेली बंगाली खानावळ सापडली.

तालुकदार गल्ल्यावर होते. काठी भिंतीला टेकवलेली, मागे त्यांचंच जुनं पोस्टर. सिनेमे सुटल्यावर मेहुण्यानं कफील (इकडचा हमीदार मालक) मिळवून दिला आणि इकडे आणलं, हे न्हाव्यानं सांगितलंच होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. कशाला ओळखतील! मी भात, मसुरीची डाळ आणि शुटकी (सुकी मासळी) घेतली. वास थेट आमच्या बंदरावरचा.

शेजारच्या टेबलावरच्या मजुरांनी हाक दिली, "हीरो भाई, वो डिब्बे वाला किस्सा!"

आणि त्यांनी सुरुवात केली. हॉटेल, समुद्र, तिसरा मजला. मग काठी धरून, वाकून, तोंडाचं बोळकं करून हाशेमचाचांची नक्कल: "हुजूर, सब ठीक आछे, कूदो, कूदो!" सगळे हसले. वीस-पंचवीस वर्षं ते हे सांगत असणार. एका निरपराध माणसावर रोज हसू पिकत होतं आणि त्याचा खरा धनी तिथे बसून मासळी चिवडत होता. मला माझीच शिसारी आली.

मजूर उठून गेले तसा मी गल्ल्याशी गेलो. नाव सांगितलं. मुंबईची टोळी म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला, ते चहा मागवायला लागले. मी म्हटलं, आधी ऐका. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. संध्याकाळ, कंटाळा, ओला पुठ्ठा, सगळं.

त्यांनी माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं.

"उमरा करके आया?"

"हो... हां."

"माफी मांगने आया?"

"हां."

"हमारा हिस्सा माफ," ते म्हणाले. "कमर हमारा था, हम माफ किया. घमंड भी हमारा था. डुप्लिकेट खड़ा था, हम बोला हट जाओ." मग त्यांनी गल्ल्याचा खण लावून घेतला. "लेकिन हाशेम चाचा को हम इंडस्ट्री से निकलवाया. किसी ने काम नहीं दिया. वो हमारे घर आया था. गेट पकड़के बोलता था, कसम से, हुजूर, हमने कुछ नहीं किया. हम दरवाज़ा नहीं खोला."

"आता कुठे असतात?" मी भान सुटून मराठीतच विचारलं. त्यांना समजलं.

"मर गया. उसी साल."

तेवढ्यात दोन नवी गिऱ्हाइकं आली. बसता बसता एकानं तोच किस्सा मागितला. तालुकदारांनी काठीकडे हात नेला, मागे घेतला आणि म्हणाले, "वो किस्सा खलास." गिऱ्हाईक हसलं, त्याला ती गंमत वाटली. मला मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटात दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः भात वाढला आणि मी तो खाल्ला.

गावी आलो तर ओटी माणसांनी भरलेली. उमरा करून आलेला माणूस धुतल्यासारखा होतो असं आमच्याकडे मानतात. बायाबापड्या माझे हात हातात घेऊन दुवा मागत होत्या. मी झमझमचं (मक्केच्या पवित्र विहिरीचं) पाणी आणि खजूर वाटत होतो आणि मनात ओशाळत होतो. तालुकदारांनी त्यांच्या वाट्याचं माफ केलं. हाशेमचाचांच्या वाट्याचं माफ करायला कोणी उरलेलं नाही. ती माफी मिळवायची वेळ होती तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, ते माझ्यापासून चार हातांवर उभे होते, आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं.