निळ्या झाकणाचा डबा

मी बंगळुरूला निघाले त्या दिवशी आई मला पोचवायला म्हणून वेगळी निघाली नाही. दळणाचा डबा तिनं कमरेवर घेतला, दुधाची किटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, वाटेवरच आहे तुझा स्टॉप." भिंगारमध्ये नुकतं उजाडत होतं. रिक्षा आली. तिनं किटली काढून घेतली, "पोचलीस की फोन कर," म्हणाली आणि गिरणीकडे वळली. डोळे पुसायला तिच्याकडे हात मोकळे नव्हते. ती सोय तिनं आधीच करून ठेवली होती, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

आई शाळेत शिकवायची. बाहेरची सगळी कामं उन्हं यायच्या आत उरकायची, हा तिचा शिरस्ता. कारण विचारलं की पाढ्यासारखं म्हणायची, "भाजी ताजी मिळते, डोकं तापत नाही, आणि दुकानदार अजून कुणावर चिडलेला नसतो." हल्ली एवढंच सांगायला लोक स्टेज, माईक आणि शाल-श्रीफळ घेतात. आमच्या ऑफिसात पहाटे उठण्यावर वर्कशॉप झालं. भर दुपारी, जेवणानंतर. आईनं या विषयावर कधी भाषण केलं नाही. ती दळायला जायची.

गिरणीत रांग डब्यांची, माणसांची नाही. डबा रांगेत ठेवायचा आणि दूध-भाजी घेऊन यायचं. गिरणीवाले नानाभाऊ डब्यावरून माणूस ओळखत. आमच्या डब्याला दुसऱ्याच कुठल्या डब्याचं निळं झाकण होतं.

पप्पा गेल्यावर मी तिला इकडे बंगळुरूला आणलं. पहिल्याच सकाळी ती साडी नेसून, हातात पिशवी घेऊन हॉलमध्ये उभी. दूध दाराच्या कडीला लटकलेलं, भाजी ॲपवरून, पीठ पाकिटात. "मग मी सकाळी करायचं काय?" मी म्हटलं, "आराम." नोकरीवरून काढल्यासारखा तिचा चेहरा झाला. तरी रोज खाली उतरायची. गेटवरच्या गार्डला मराठीत "चहा झाला का?" विचारायची, तो हिंदीत फ्लॅट नंबर विचारायचा. पावसाळा संपायच्या आत ती परत गेली. जाताना म्हणाली, "इथं मला काही झालं, तर तू ऑफिसातून आल्यावर कळणार."

मग तिचा फोन सकाळी गिरणीतूनच यायचा. मागून पट्ट्याचा आवाज आणि नानाभाऊ.

"बाई, आज बी चिमण्यांचंच दळण आनलं व्हय?"

"एका माणसाला किती लागतं हो? तुम्ही दळा गुमान."

बाजरीचं पीठ लवकर कडू होतं म्हणून थोडं थोडं दळते, असं ती मला सांगायची. ते खरंही होतं. पण रोज दळण्याइतकं लवकर ते कडू होत नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

यंदा थंडीत फोन वाजला तेव्हा मी झोपेत होते.

"ताई, नानाभाऊ बोलतोय. बाईंचा डबा आज आला न्हाई. घरी जाऊन आलो मी. शेजारच्यांनी दार उघडलं. तुमी निघा."

ती झोपेतच गेली होती. ओट्यावर निळ्या झाकणाचा डबा दळणासाठी तयार. आत ओंजळभर बाजरी.

नानाभाऊ मातीला आले होते. चर्चच्या दफनभूमीबाहेर चपला घालता घालता म्हणाले, "एवढ्याशा दाण्यातलं निम्मं पीठ दगडातच राहायचं. मी म्हनलं, बाई, कशाला रोज हेलपाटा? तर म्हनल्या, एक दिस न्हाई आले तर कळंल ना तुमाला."

परत निघायच्या सकाळी मी तो डबा गिरणीत नेला आणि रांगेत ठेवला. दूध कुणासाठी आणायचं नव्हतं, म्हणून तिथंच उभी राहिले. नानाभाऊंनी दळून दिलं. पीठ हाताला गरम लागत होतं.

माझ्यासारखे निघून आलेले पुष्कळ आहेत. घर म्हणजे काय यावर आम्ही ग्रुपवर बरंच हळवं लिहितो, खाली फुलं टाकतो. मला आता एवढंच दिसतं, की एखाद्या सकाळी मी दार उघडलं नाही, तर दुधाची पिशवी कडीला तशीच लटकत राहील आणि ॲप विचारेल, आमची सेवा कशी वाटली?

पीठ कधीच कडू झालं. डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. सकाळी लवकर जाग येते. तो घेऊन इथं जायचं कुठं, ते मात्र सुचत नाही.