सासऱ्यांचे गुडघे

बाळाला अंगावर पाजू नकोस, असं मला घरात कुणीही म्हणालं नाही. हे आधीच सांगते, कारण लोक लगेच सासूला धरतात. सासू तर मला रोज अळिवाची खीर करून देत होती.

विठ्ठलवाडीला आमचं वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघराला दारही नाही. मी ओढणी घेऊन बाळाला छातीशी धरलं, की सासरे टीव्ही बंद करायचे, चपला घालायचे आणि खाली वॉचमनच्या खुर्चीत जाऊन बसायचे. भला माणूस. बाळाला दर दोन तासांनी भूक लागायची आणि सासऱ्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

"बाबा, बसा ना," मी दोनदा म्हणाले. ते आणखीच अवघडले. संध्याकाळी सासू माझ्यासमोर त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तूच ठरव काय ते."

मग मीच ठरवलं. दुसऱ्या महिन्यात दुधाच्या पावडरचा डबा मीच जाऊन आणला.

त्या दिवशी सासऱ्यांनी टीव्हीसमोर बसून, नातवाला मांडीवर घेऊन, सगळ्यांदेखत बाटली पाजली. काय कौतुक झालं त्यांचं! मी आत ओट्याशी कणीक मळत होते. बाळाचं चुटूचुटू पिणं ऐकू येत होतं आणि माझा गाऊन पुढून भिजत चालला होता.